शिकाऊ हातांची सनद

केडगाव-पारगावच्या बाजूने भीमेवर येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचे धुराडे आणि त्याच्या धुरातला तो कडसर गोड वास यांची सोबत असते. नदी ओलांडली की दौंड तालुका मागे पडतो. न्हावऱ्यावरून शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप रुळलेल्या घोडनदीला पोहोचून तेथून कान्हूर मेसाईच्या रोखाने पश्चिमेस वळले, की उसाचा हिरवा रंग विरळ होत जातो, माळ उघडा पडतो, विहिरी खोल जातात आणि मस्तानीच्या कबरीमुळे इतिहासाच्या वाचकांना ज्याचे नाव ठाऊक असते ते पाबळ गाव लागते. या गावाच्या शिवारात विज्ञान आश्रम नावाची एक संस्था आहे, आणि पदवीसुद्धा हाती न पडलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती पैसा, अवजारे आणि खराखुरा प्रश्न ही तिन्ही एकाच वेळी देऊन पाहिल्यास काय घडते, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने पुण्या-मुंबईची मोठी विद्यापीठे पाहण्यापूर्वी हा माळ पाहावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आश्रमाची स्थापना 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी केली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेला आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मानाच्या जागी असलेला हा गृहस्थ नोकरी सोडून अवर्षणग्रस्त मुलखातल्या पाबळला येऊन राहिला, आणि जे. पी. नाईक व चित्रा नाईक यांच्या नावाशी निगडित असलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आश्रयाने त्याने शाळा सोडलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला. कलबागांचा सिद्धान्त असा, की शिक्षण हाताने काम करता करता व्हावे, आणि ते काम लुटुपुटीचे नसावे, गावाला पैसे देऊन घ्यावेसे वाटेल असे असावे. मुले भूगर्भाचा विद्युत्‌रोध मोजण्याचे यंत्र घेऊन शेतकऱ्याच्या रानात जात, पाणी कोठे लागण्याचा संभव आहे ते सांगत आणि त्याचा मोबदला घेत. जीपचे जुने भाग वापरून त्यांनी लहान ट्रॅक्टर बांधला. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा अशा रचनेचे घुमट उभारले, आणि त्या घुमटाला पुढे 'पाबळ डोम' हेच नाव पडले. अशा घुमटाखाली उभे राहून वर पाहिले, की एकही तुळई दृष्टीस पडत नाही; प्रत्येक त्रिकोण शेजारच्याला धरून आहे आणि सर्व भार हळूहळू कडेच्या जमिनीत उतरतो. भूमितीचे हे प्रमेय शिकवण्यासाठी फळा लागत नाही, एवढे तेथे उभे राहणाऱ्या कोणालाही कळते.

2002 साली याच आश्रमात अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेच्या साह्याने 'फॅब लॅब' सुरू झाली. एमआयटीच्या आवाराबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या काही प्रयोगशाळांत तिची गणना होते. एमआयटीतील नील गर्शनफेल्ड यांच्या केंद्राला अमेरिकी शासनाकडून जे संशोधन-अनुदान मिळाले होते, त्यात समाजापर्यंत काही पोहोचवण्याची एक अट होती, आणि त्या अटीच्या पूर्ततेतून या प्रयोगशाळांची कल्पना निघाली. अनुदानाच्या कागदातील एका कलमाने शिरूर तालुक्यातल्या एका गावात लेझरने साहित्य कापणारे यंत्र यावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण त्याच एमआयटीत 1969 साली मार्गारेट मॅकव्हिकार यांनी पदवीपूर्व विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात वेतन घेऊन किंवा श्रेयांक मिळवून सहभागी होता यावे यासाठी एक योजना सुरू केली होती, आणि जगभरच्या विद्यापीठांनी पुढे तिचेच अनुकरण केले.

आपल्याकडे केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत डिझाइनविषयक राष्ट्रीय उपक्रम हाती घेऊन देशात 20 डिझाइन इनोव्हेशन सेंटरे उभारण्याची तरतूद केली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे त्यांपैकी एका केंद्राचे मुख्य ठाणे आले, आणि पाबळचा आश्रम त्याच्याशी जोडला गेला. विद्यापीठ हे चाकाचा तुंबा, आणि पाबळ हा त्याचा एक आरा. अभियांत्रिकीचे, डिझाइनचे, कधी केवळ विज्ञानाचे विद्यार्थी येथे काही महिने राहतात, गावातला एखादा प्रश्न निवडतात, यंत्रे व साहित्य वापरतात, आणि जे केले त्याची नोंद मागे ठेवून जातात.

येथल्या वस्तूंपैकी एक जवळून पाहण्याजोगी आहे. अंडी उबवण्याची पेटी पाबळला बनते. वरवर पाहता ती प्लायवूडची एक पेटी, आत दिवा किंवा तापणारी तार, एक लहान पंखा, पाण्याचे ताट आणि उष्णता ताब्यात ठेवणारी एक इवलीशी इलेक्ट्रॉनिक पट्टी. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस, साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता लागते; पहिले 18 दिवस ते दिवसातून अनेकदा कलते करावे लागते, नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो; शेवटचे तीन दिवस मात्र त्याला हलवायचे नसते आणि हवेत ओल वाढवायची असते. खुडूक बसलेली कोंबडी हे सर्व कोणी न शिकवता करते: चोचीने अंडे फिरवते, पिसांखाली घेते, आणि शेवटच्या दिवसांत जागची हलत नाही. विद्यार्थ्याने पेटीच्या रूपाने त्या कोंबडीची नक्कल करायची असते, आणि तीही जेथे वीज दिवसातून काही तास जाते अशा गावात. म्हणून त्याच्यापुढे प्रश्न पडतात ते असे: वीज गेल्यावर उष्णता किती वेळ टिकते? दार एकदा उघडले तर ती किती उतरते? दार न उघडता अंडी दिसतील अशी काच कोठे बसवावी? ताट कलते करण्याची मूठ अशी कशी करावी, की भाकरी थापता थापता उठून आलेल्या बाईला ती पिठाच्या हातानेही फिरवता यावी, आणि आत काय चालले आहे हे तिला आकडा न वाचताही समजावे? या प्रश्नांतला पहिला भौतिकशास्त्राचा आहे, शेवटचा निखळ डिझाइनचा आहे. पेटीत ते वेगळे करता येत नाहीत. आणि उत्तर बरोबर की चूक, हे परीक्षक ठरवत नाही. ते एकविसाव्या दिवशी कळते.

अनुदान म्हटले की त्याच्यामागून कागद येतात. अर्ज, अंदाजपत्रक, खर्चाच्या बाबींचा तपशील, मंजुरीचा हुकूम, पहिला हप्ता, पावत्यांचे दप्तर, विनियोगाचा दाखला, मुदतीअखेरचा अहवाल: हा शिरस्ता टाकता येण्यासारखा नाही, कारण पैसा लोकांचा असतो. परंतु शिकाऊ विद्यार्थ्याच्या कामाला वेळेचे जे बंधन असते त्याची जाणीव दप्तराला क्वचितच असते. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत एका कचेरीने आमच्या तिघांच्या एका लहानशा प्रकल्पाला रक्कम मंजूर केली. तिचा दुसरा हप्ता आमच्या हाती आला तेव्हा शेवटची परीक्षा होऊन आम्ही तिघे तीन गावांना पांगलो होतो, आणि नियमाबरहुकूम ती रक्कम जशीच्या तशी परत करण्यासाठी आम्हांला पुन्हा एकत्र यावे लागले. अर्धवट राहिलेले ते काम कोणी पुरे केले नाही. पदवीच्या विद्यार्थ्यापाशी काळ मोजका असतो. त्याचे एक सत्र वाया गेले तर संशोधन लांबणीवर पडत नाही, ते नाहीसेच होते. म्हणून रक्कम थोडी कमी असली तरी चालेल, पण ती सत्र सुरू होण्यापूर्वी हाती यावी, असे माझे कळकळीचे म्हणणे आहे.

कलेच्या क्षेत्रात तर विद्यार्थ्यांवर सरकारी पैसा खर्चून संशोधन करवून घेण्याची आपल्याकडची परंपरा एमआयटीहून जवळजवळ शंभर वर्षांनी जुनी आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1865 साली शिक्षक म्हणून आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. यापूर्वी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून वर्षानुवर्षे राबून केलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत बहुतांशी जळून गेल्या होत्या; तेव्हा ते काम नव्याने करावे, असे शासनाने ठरवले. हिवाळ्यात मंडळी वाघूर नदीच्या त्या घोड्याच्या नालासारख्या कड्यावर जाऊन राहत. वटवाघळांचा उग्र दर्प, आग्या माश्यांची पोळी, दुपारनंतर मालवत जाणारा उजेड, आणि या सर्वांत छताखाली मान उंचावून रेषेमागून रेष उतरवत बसलेले विशीतले तरुण: पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा, नारायण दाजी. 1851 साली जन्मलेले पेस्तनजी या कामाला लागले तेव्हा जेमतेम एकविशीत होते. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांचा मोठा लौकिक झाला.

या कामाला केवळ नक्कल म्हणणाऱ्यांनी नक्कल करणे म्हणजे काय, याचा पुरेसा विचार केलेला नाही. झिजलेल्या भिंतीवर जेथे रंगाचे पापुद्रे गळाले आहेत तेथे बोट कोठे संपत होते आणि वस्त्राची चुणी कोठे सुरू होत होती, याचा निर्णय कुंचला टेकवण्यापूर्वी करावा लागतो. जे दिसते ते मांडायचे, जे नाही ते कल्पनेने भरायचे नाही, आणि ही मर्यादा प्रत्येक चौरस इंचाला पाळायची, हे संशोधन नव्हे तर दुसरे काय? त्यात चुकाही झाल्या. चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतीवरच व्हार्निश फासले गेले, आणि त्याने पुढे रंगांची हानी केली. आज कोणताही संवर्धक ते क्षम्य मानणार नाही. काम 1885 पर्यंत चालले. सुमारे तीनशे प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि त्याच वर्षी तेथेही आग लागून त्यांतल्या पुष्कळशा नष्ट झाल्या. ज्या वाचल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दीडशे वर्षांत मूळ भिंतीवरून जे गळून गेले ते पाहायचे, तर अभ्यासकांना या विद्यार्थ्यांच्या कापडापाशीच यावे लागते. 1896-97 मध्ये दोन खंडांत निघालेल्या मोठ्या ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे आहे. पण त्याची शाई या हातांतून उतरलेली आहे.

अजिंठा आणि पाबळ यांच्यात मला जे साम्य दिसते ते पैशाच्या रकमेत नाही. दोन्हीकडे शिकाऊ माणसाला अशा वस्तूपुढे बसवले, जिची कोणीतरी वाट पाहत होते: एकीकडे विझत चाललेली भिंत, दुसरीकडे पिलांची आशा धरून बसलेले घर. ज्या प्रकल्पाच्या शेवटी केवळ गुणपत्रिका उभी असते त्याचा अहवाल कपाटात जातो. ज्याच्या शेवटी माणूस उभा असतो त्याचा पुढच्या वर्षीचा विद्यार्थी शोध घेत येतो. महाराष्ट्राच्या विद्यापीठांत 2006 पासून भरणाऱ्या 'आविष्कार' या संशोधन-स्पर्धेत पदवीचे विद्यार्थी भाग घेऊ शकतात, आणि तिच्या विभागांत मानव्यविद्या व भाषा यांच्या बरोबरीने ललितकलाही आहे. तरी कलेच्या विद्यार्थ्याला 'यातून सिद्ध काय झाले?' हा प्रश्न हटकून ऐकावा लागतो. चित्र काढणे हेच मोजमाप असू शकते, हे त्याला पटवून सांगावे लागते. ते त्याने विनासंकोच सांगावे.

आणि येथे मला माझ्या दौंड तालुक्यातले गुऱ्हाळ आठवते. चरकातून आलेला रस काहिलीत पडतो, ठेचलेल्या भेंडीचे बुळबुळीत पाणी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात, रस आटतो, तांबूस होतो, फुगे जड होतात. गुळव्या उष्णतामापक हाती धरत नाही. पळीभर पाक तो थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी करतो आणि काहिलीच्या कडेवर टाकून तिचा आवाज ऐकतो. तो आवाज बरोबर आला तेव्हा पाक 118 अंशांच्या आसपास पोहोचलेला असतो. तिकडे खाली, चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसलेला माणूस वाळलेली चिपाडे मुठीमुठीने आत सारत असतो, आणि दिवसभर त्याची पाठ वाकलेली, चेहरा आगीसमोर असतो. लहानपणी काकवीच्या आशेने आम्ही त्या काहिलीभोवती घुटमळत असू, तेव्हा त्या खड्ड्याकडे कोणाची नजर जात नसे. त्या खड्ड्याची खोली किती, बसणाऱ्याच्या गुडघ्यापासून चुलीचे तोंड किती उंच, एका काहिलीला तो किती वेळा वाकतो, आणि चूल हातभर सरकवली किंवा चिपाड उतरत्या घसरणीवरून आपोआप आत गेले तर त्याच्या पाठीला काय फरक पडेल, हे वही, पेन्सिल, मापाची पट्टी आणि एक हंगाम एवढ्यावर कोणाही डिझाइनच्या विद्यार्थ्याला काढता येईल. त्यासाठी लागणारी रक्कम एखाद्या सभागृहातील उद्घाटन-समारंभाच्या खर्चाहूनही थोडी असेल.

दिवाळी झाली की चरक सुरू होतात. केडगावच्या स्टेशनावर उतरून, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनवरून, जेथे एके काळी निराधार मुलींनी छापखान्यात खिळे जुळवण्याची कला आत्मसात केली होती, त्या बाजूने थोडे चालले, की पहिला धूर दिसतो. खड्ड्यातल्या माणसाला विचारले तर तो थोडा सरकून जागा देईल. चिपाडाच्या भाऱ्यावर बसून तेथून रेखाटन करता येते.