पूरनियंत्रक जलाशय आणि खोऱ्यांतील जीवसृष्टीची पाहणी

पुराचें पाणी अडवून तें हळूहळू सोडणें व खालच्या अंगास असलेल्या गांवांचें आणि पिकांचें रक्षण करणें हें पूरनियंत्रक जलाशयाचें मुख्य कार्य होय. त्याची आवश्यकता नदीकांठच्या शेतकऱ्यास पटवून देण्याचें कारण नाहीं. परंतु जें खोरें पाण्याखालीं जावयाचें, त्यांत कोणते पशु, पक्षी, मासे व वृक्ष आहेत याची पाहणी पाया खणण्यापूर्वींच झाली पाहिजे. ती मागाहून झाली तर काय होतें, हें अमेरिकेंतील टेलिको धरणाच्या हकीगतीवरून ध्यानांत येईल.

लिटल टेनेसी नदीवरील या धरणाचें काम १९६७ सालीं सुरू झालें. पूरनियंत्रण, नौकानयन, वीज असे त्याचे अनेक हेतु होते. काम चालू असतांना १९७३ च्या ऑगस्टमध्यें डेव्हिड एट्नियर या प्राणिशास्त्रज्ञांस नदीच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यांत बोटभर लांबीचा एक अज्ञात मासा आढळला. पाण्यांतील गोगलगाई हें त्याचें खाद्य. म्हणून त्यास ‘स्नेल डार्टर’ हें नांव पडलें. त्या वेळीं तो अन्यत्र कोठें असल्याचें ठाऊक नव्हतें. त्याच वर्षीं संकटग्रस्त प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, वाद न्यायालयांत गेला, आणि धरण जवळजवळ पुरें झालें असतांना १५ जून १९७८ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें थांबविलें.

१९७९ च्या जानेवारींत सरकारी समितीनें हिशेब तपासला, तेव्हां उरलेल्या खर्चाच्या मानानेंही योजनेचा लाभ अपुरा असल्याचें दिसून आलें. तथापि कायदेमंडळानें त्याच वर्षीं धरणास सूट दिली, नोव्हेंबरांत दारें बंद झालीं आणि सुमारें १६,५०० एकरांचा जलाशय झाला. बुडालेल्यांत उत्तम पिकाऊ जमीन पुष्कळ होती. कालांतरानें तोच मासा इतर कांहीं नद्यांतही सांपडला, आणि २०२२ सालीं त्याचें नांव संकटग्रस्तांच्या यादींतून काढण्यांत आलें. शेजारच्या नद्यांचा शोध व लाभहानीचा हिशेब हीं दोन्ही कामें १९६७ पूर्वीं झालीं असतीं, तर माशाबरोबर शेतकऱ्याच्या जमिनीचाही विचार वेळेवर झाला असता.

आतां पाहणी कशी करावी हें पाहूं. प्रथम नकाशावर दोन रेषा आखाव्या. एक नेहमींच्या पाण्याची, दुसरी मोठ्यांत मोठ्या पुराची. अशा जलाशयाचा वरचा भाग पुरासाठीं रिकामा राखलेला असतो. पूर येतांच तो भरतो व मागाहून सोडून देतात. त्यामुळें या दोन रेषांमधील पट्टा धड जमीनही राहत नाहीं व धड पाणीही होत नाहीं. पाणी फार दिवस तुंबल्यास मुळें गुदमरून झाडें मरतात. टिटवीसारख्या जमिनीवर अंडीं घालणाऱ्या पक्ष्यांची वीण बुडते. म्हणून वरच्या रेषेच्याही पलीकडे पाहणी न्यावी.

दुसरें, पाहणी एका ऋतूंत उरकूं नये. चढणीचे मासे पहिल्या पुराबरोबर दिसतात, पाहुणे पक्षी हिवाळ्यांत येतात, आणि उन्हाळ्यांत कोणत्या डोहावर जनावरें पाण्यास उतरतात हें उन्हाळ्यांतच कळतें. ठराविक वाटांनीं पहांटे व सायंकाळीं चालून पक्षी मोजावे, पाऊलखुणा व विष्ठा यांची नोंद करावी. डोहांत व उथळ धारेंत जाळें टाकून मासे ओळखावे व सोडून द्यावे. मोजून घेतलेल्या चौकोनांत झाडें गणावीं.

यांत शेतकऱ्याचा स्वार्थही आहे. झाडी बुडाली कीं तींतील रानडुकरें जवळच्या पिकांत उतरतात. उंदीर खाणारीं घुबडें मात्र ढोलीचीं झाडें गेल्यानें नाहींशीं होतात. जनावरें कोठें जातील व त्यांच्यासाठीं कोणतें रान राखावें, हें पाहणींत नमूद असलें पाहिजे.

आपल्या देशांत मोठ्या नदीयोजनांस १९९४ पासून पर्यावरणीय मंजुरी आवश्यक झाली. २००६ च्या अधिसूचनेंत जनसुनावणीचीही तरतूद आहे. ज्यांच्या खोऱ्यांत असा जलाशय योजिला असेल, त्यांनीं अहवालाचा सारांश वाचून तीन प्रश्न अवश्य विचारावे: पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, कोणत्या रेषेपर्यंत झाली, आणि शेजारचे ओढेनाले पाहिले काय? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पाया खणण्याची घाई होऊं देऊं नये.