रिमोटच्या गाडीला रंग देताना : आधी प्लॅस्टिक ओळखा, मग एअरब्रश घ्या



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपली मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. बैलाला रंग द्यायचा, शिंगांना बेगड लावायची, पाठीवर झूल घालायची, हे काम घरातल्या मोठ्यांना नवीन नाही. आता त्याच मुलांच्या हातात रिमोटच्या गाड्या आल्या आहेत. बाजारात मिळणाऱ्या तयार खेळण्यांची गोष्ट वेगळी. पण छंद म्हणून ज्या आरसी गाड्या घेतल्या जातात, त्यांची बॉडी पुष्कळदा कोरी, काचेसारखी पारदर्शक येते. रंग आपण द्यायचा असतो. त्यामुळे सभासदांच्या घरांतून एक प्रश्न वारंवार कानावर येतो : "एअरब्रश कोणता घ्यावा?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटचा आहे. आधी बॉडी कोणत्या प्लॅस्टिकची आहे ते पाहायचे, त्यावरून रंग ठरवायचा, रंगावरून ब्रश आणि ब्रशावरून कंप्रेसर. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. मी तो उलटा केला होता, म्हणून सांगतो.

माझ्या भाच्याने वाढदिवसाच्या पैशांतून आरसी गाडीची बॉडी मागवली होती. "मामा, लाल रंग द्या, वर पिवळा पट्टा," एवढीच त्याची मागणी. मी दुकानातून मोटारीला मारायचा लाल रंग आणि थिनर आणला, नवा एअरब्रश जोडला आणि दोन हात मारले. रंग सुरेख बसला. तिसऱ्या दिवशी गाडी अंगणातल्या पायरीवर आपटली आणि रंगाचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे सुटले. चाकांच्या कमानींजवळ प्लॅस्टिकला केसासारख्या बारीक भेगाही पडल्या होत्या. भाचा काही बोलला नाही, पण बॉडी त्याच्या पैशांची होती. एअरब्रश उत्तम होता, रंग चुकला होता.

बॉडी कशाची आहे?

आरसी गाडीच्या बॉडीला मुख्यतः दोन प्लॅस्टिके वापरतात. पहिले पॉलिकार्बोनेट, ज्याला लेक्सन या व्यापारी नावानेही ओळखतात. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीत आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये ते जवळपास एकाच वेळी सापडले. हेल्मेटची पारदर्शक काच पुष्कळदा याचीच असते. ते पातळ असते, बोटाने दाबले तर वाकते आणि सोडले की परत जागेवर येते. म्हणूनच धडक बसली तरी बॉडी सहसा फुटत नाही. दुसरे एबीएस किंवा स्टायरीन : जाड, कडक, अपारदर्शक, हाताने न वाकणारे. तयार खेळण्यांची आणि शोकेसमध्ये ठेवायच्या मॉडेलांची बॉडी बहुधा याची असते.

कडक प्लॅस्टिकला रंग बाहेरून देतात. आधी ६०० ते ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासायचे, मग प्रायमर, मग रंग. पारदर्शक पॉलिकार्बोनेटला मात्र रंग आतून देतात आणि प्रायमर लावत नाहीत. रंग आत राहिला की दगड-मातीचे ओरखडे बाहेरच्या प्लॅस्टिकवर पडतात, रंग सुरक्षित राहतो. शिवाय बाहेरून चमक आपोआप मिळते.

रंग कोणता?

आपल्याकडे हे समजावून द्यायला निर्मळचे उदाहरण हाताशी आहे. २०१६ पर्यंत निर्मळ आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. तिथली खेळणी पोनिकीच्या हलक्या लाकडाची. चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने त्यांचे भाग जोडतात, पृष्ठभाग गुळगुळीत करतात आणि मगच रंगाला हात घालतात. निर्मळच्या चित्रांत ड्युको रंग आले. ड्युको हा मुळात मोटारींचा रंग. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने तो १९२०च्या दशकात आणला होता. मोटारीच्या पत्र्यावर आणि निर्मळच्या पाटीवर तो टिकतो, कारण पत्रा आणि पाटी वाकत नाहीत आणि थिनरने विरघळत नाहीत. पॉलिकार्बोनेट मात्र वाकते आणि अ‍ॅसिटोन, टोल्युइन असल्या तीव्र द्रावकांनी त्याला भेगा पडतात. माझ्या हातून झालेली चूक नेमकी हीच.

म्हणून पॉलिकार्बोनेटसाठी त्याच्याकरिताच बनवलेला, सुकल्यावरही लवचिक राहणारा रंग घ्यायचा. डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. जपानच्या तामिया कंपनीचे स्प्रे घेतले तर नावावरूनच कळते : 'पीएस' मालिका पॉलिकार्बोनेटसाठी आणि 'टीएस' मालिका कडक प्लॅस्टिकसाठी. दोन्ही डबे सारखेच दिसतात, त्यामुळे मागवताना अक्षरे दोनदा वाचा. एअरब्रशसाठी बाटलीत मिळणारे, पॉलिकार्बोनेटला चालणारे पाण्यातले रंगही असतात. मुलांच्या घरात मी तेच सुचवीन, कारण त्यांना थिनर लागत नाही आणि ब्रश पाण्याने धुता येतो.

शाळेपासून ओळखीचे कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक चालेल का? सरावासाठी जरूर वापरा. पाण्याने पातळ करून, बारीक कापडातून गाळून जाड कागदावर रेघा आणि छटा मारून पाहा. बॉडीवर मात्र नको, कारण वाकल्यावर तो टिकेल याची खात्री नाही.

पहिली बॉडी एअरब्रशशिवाय रंगवा

ही माझी मनापासूनची सूचना आहे. योग्य स्प्रेचे दोन डबे, चांगली मास्किंग टेप आणि एक धारदार कटर एवढ्यात पहिली बॉडी छान होते. टेप लावणे, रंगांचा क्रम ठरवणे आणि धीर धरणे ही खरी कला आहे, आणि ती डब्यावरही शिकता येते. त्यानंतरही मुलाचा उत्साह टिकला, त्याला एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा, ज्वाळा, बारीक रेघा हव्याशा वाटल्या, तर एअरब्रश घ्या. एकच लक्षात ठेवा, स्प्रेचे डबे ज्वलनशील असल्याने हवाई पार्सलात सहसा घेत नाहीत. आदिलाबादला ते पोचायला वेळ लागतो, तेव्हा वाढदिवस किंवा सुट्टी धरून आधीच मागवा.

एअरब्रश निवडताना

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी फवारणी. बारीक तोंडातून हवा जोरात जाते, तिच्याबरोबर रंग ओढला जातो आणि धुक्यासारखा उडतो. तोंडातली सुई मागे-पुढे होते, त्यावर रंग किती यायचा ते ठरते. निवडताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, कळ. एकेरी कळीच्या ब्रशात कळ दाबली की हवा आणि रंग एकदमच येतात. रंगाचे प्रमाण वेगळ्या स्क्रूने आधीच ठरवावे लागते. दुहेरी कळीत खाली दाबले की हवा, मागे ओढले की रंग. पहिला आठवडा बोट गोंधळते, मग सायकलच्या ब्रेकसारखी सवय होते. छटा मारायच्या असतील तर दुहेरीच घ्या.

दुसरी, रंगाची वाटी. वर वाटी असेल तर रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, कमी दाबावर चालतो आणि वाया कमी जातो. खाली बाटली असेल तर एका वेळी जास्त रंग मावतो आणि रंग बदलणे सोपे जाते. बॉडीचा मोठा भाग भरायचा असतो, म्हणून वरची वाटी घेतलीत तर अगदी छोटी घेऊ नका.

तिसरी, तोंडाचा व्यास. ०.२ मिलिमीटरचे तोंड अतिशय बारीक कामासाठी असते. नवशिक्याच्या हातात ते सतत तुंबते. बाजारात सर्वांत जास्त दिसते ते ०.३. गाडीच्या बॉडीला ०.५ अधिक सोयीचे, कारण रंग थोडा दाट राहिला तरी चालतो आणि मोठा भाग लवकर भरतो. एकच ब्रश घ्यायचा असेल तर ०.५चा, किंवा दोन्ही तोंडे बसतील असा घ्या. सुटी सुई आणि सुटे तोंड मिळते का, हे घेण्याआधी विचारा. तोंड तांदळाच्या दाण्याएवढे असते, धुताना मोरीत गेले की ब्रश निकामी.

कंप्रेसरवर पैसे खर्च करा

साधा सुरुवातीचा ब्रश तुलनेने स्वस्त येतो. टाकी असलेल्या छोट्या कंप्रेसरला त्याहून बरेच जास्त लागतात. इथे काटकसर केली की पस्तावा होतो. टाकीमुळे हवा एकसारखी येते. टाकी नसेल तर हवा धक्क्याधक्क्याने येते आणि रेघ ठिपक्यांची होते. दाब कमी-जास्त करायचे रेग्युलेटर आणि पाणी अडवणारी बाटली या दोन वस्तू हव्यातच. पावसाळ्यात हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते आणि रंगात थेंब पडतो; म्हणून काम संपल्यावर टाकीखालची कळ उघडून पाणी काढून टाका. ब्रशालाच जोडलेले चार्जिंगचे छोटे पंप मिळतात. छोट्या मॉडेलला ते ठीक आहेत, पण गाडीची बॉडी भरताना कमी पडतात.

गणपतीच्या दिवसांत मूर्तिकारांकडे कंप्रेसर आणि गन चालताना आपण पाहतोच. ओळखीचे असतील तर मुलाला तासभर तिथे बसवा. मनगट न वाकवता हात सरळ कसा न्यायचा आणि कडेबाहेर गेल्यावर कळ कशी सोडायची, हे लिहून सांगण्यापेक्षा पाहून लवकर कळते.

आतून रंगवायची रीत

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवर मागून काढलेली चित्रे आहेत. त्यांत जे सर्वांत पुढे दिसायचे ते आधी काढावे लागते आणि पार्श्वभूमी शेवटी. गाडीच्या बॉडीचेही तसेच आहे.

१. आतली बाजू कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा, वाळवा. मग आत बोट लावू नका. बोटांच्या तेलावर रंग धरत नाही.

२. खिडक्या आतून टेपने झाका. बॉडीच्या बाहेर पातळ संरक्षक फिल्म असते, ती शेवटपर्यंत काढू नका.

३. पट्टे, नंबर, ज्वाळा आधी. गडद रंग आधी, फिका नंतर. फिका आधी मारला तर मागचा गडद रंग त्यातून डोकावतो.

४. रंग दुधाइतका पातळ असावा. दाब साधारण २० ते ३० पीएसआय, अंतर १० ते १५ सेंटिमीटर. पहिला हात नुसत्या धुक्यासारखा. त्याने टेपची कड बंद होते आणि रंग आत झिरपत नाही. मग तीन-चार पातळ हात, प्रत्येक सुकल्यावरच पुढचा.

५. झगझगीत किंवा फिक्या रंगामागे पांढऱ्याचा हात द्या, धातूसारख्या चमकत्या रंगामागे बहुधा काळ्याचा. नाहीतर उन्हात रंग उजळ-फिका, डागाळलेला दिसतो.

६. रंग बदलताना ब्रश लगेच पाण्याने धुवा. सुईवर वाळलेला रंग हे नवशिक्याच्या दहातल्या नऊ तक्रारींचे मूळ.

आपले हवामान सांभाळा. मे महिन्यातल्या दुपारी रंग बॉडीवर पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि खरखरीत पृष्ठभाग येतो. सकाळी लवकर काम करा. पावसाळ्यात दोन हातांमधला वेळ वाढवा. जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू हवेत उडतात, तेव्हा दार-खिडक्यांपाशी ओले फडके टांगा आणि जमिनीवर पाणी शिंपडा.

श्वासाची काळजी

हे सर्वांत महत्त्वाचे, म्हणून शेवटी लिहितो, लक्षात राहावे म्हणून. पाण्यातला रंगसुद्धा धुके होऊन फुफ्फुसात जातो. त्यासाठी एन-९५ मास्क लावा. स्प्रेच्या डब्याची आणि थिनरची वाफ मात्र एन-९५ अडवत नाही, रुमाल तर नाहीच. तिला रसायनांच्या वाफेसाठीचे काडतूस असलेला मास्क लागतो. असे रंग फक्त मोकळ्या गच्चीवर किंवा अंगणात आणि मोठ्या माणसानेच मारायचे. मुलांनी रेघा आखाव्यात, टेप लावावी, पाण्यातल्या रंगाचा ब्रश चालवावा. स्वयंपाकघर, गॅस आणि देवघरातली समई यांच्या जवळ डबा उघडू नका.

भाच्याची दुसरी बॉडी मी माझ्या पैशांनी आणली. टेप त्याने लावली, पट्टे त्यानेच आधी मारले आणि लाल रंगाचे तीन हात मी दिले. खिडकीच्या कडेला एका जागी रंग झिरपला आहे, तो त्याने पुसू दिला नाही. "तो माझा आहे," म्हणाला. गाडी त्यानंतर त्याच पायरीवर कितीदा तरी आपटली आहे. रंग जागेवर आहे.