बहुसंचिका संकलन, सी भाषेतील
संगणकाचा मोठा कार्यक्रम अनेक मूळ संचिकांत विभागून लिहावयाचा, प्रत्येक संचिकेचे यंत्रभाषेत स्वतंत्र भाषांतर करावयाचे आणि ही भाषांतरे शेवटी जोडून एकच चालनक्षम कार्यक्रम सिद्ध करावयाचा, या पद्धतीस बहुसंचिका संकलन म्हणतात. अशी सोय फोर्ट्रान भाषेत १९५८ मध्ये उपलब्ध झाली. सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली आणि १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीचा गाभा तीत पुन्हा लिहिण्यात आला. अशा विस्तृत कार्यक्रमात एका ओळीच्या दुरुस्तीसाठी सर्व मजकुराचे पुन्हा भाषांतर करणे या पद्धतीमुळे टळते.

प्रक्रिया : उदा., जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील दैनिक पावसाची सरासरी काढणारा कार्यक्रम ‘मुख्य.सी’ व ‘सरासरी.सी’ या दोन संचिकांत आहे असे मानू. प्रथम पूर्वप्रक्रियक हा भाग ‘#इनक्लूड’ या सूचनेच्या जागी शीर्षसंचिकेचा मजकूर घालतो. नंतर संकलक प्रत्येक मूळ संचिकेपासून एकेक यंत्रसंकेत संचिका तयार करतो. ‘मुख्य.सी’ मध्ये सरासरी काढणाऱ्या फंक्शनचा केवळ उल्लेख असतो. त्याचा पत्ता ठाऊक नसल्याने संकलक तेथे नाव नोंदवून ठेवतो. लिंकर हा तिसरा भाग ही नावे जुळवून पत्ते भरतो. एखाद्या नावाची व्याख्या न सापडल्यास, किंवा एकाच फंक्शनच्या दोन व्याख्या सापडल्यास, तो दोष दाखवितो. ‘स्टॅटिक’ म्हणून घोषित केलेले नाव मात्र त्या संचिकेपुरतेच राहते.

विसंगती व उपाय : सी भाषेत लिंकर सामान्यतः केवळ नावे पाहतो, मूल्यांचे प्रकार पाहत नाही. पूर्वी घोषणा नसलेले फंक्शन पूर्णांक परत करते असे संकलक गृहीत धरीत. त्यामुळे सरासरी अपूर्णांकात असल्यास कार्यक्रम विनातक्रार चाले; छापलेल्या आकड्याचा मात्र पडलेल्या पावसाशी काहीच संबंध नसे. १९८९ च्या अमेरिकी मानकाने प्राचलांच्या प्रकारांसह घोषणा करण्याची सोय केली, तर १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने अघोषित फंक्शनची सवलत रद्द केली. तथापि दोन संचिकांत परस्परविरोधी घोषणा लिहिल्यास दोष आजही निसटू शकतो. म्हणून घोषणा ‘सरासरी.एच’ या एकाच शीर्षसंचिकेत ठेवून ती दोन्ही मूळ संचिकांत समाविष्ट करतात. त्यामुळे घोषणा व व्याख्या एकाच वेळी संकलकासमोर येतात आणि त्यांतील विरोध उघड होतो.

पुनःसंकलन : स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तयार केलेला ‘मेक’ हा कार्यक्रम संचिकांच्या अखेरच्या बदलाच्या वेळा ताडून आवश्यक तेवढ्याच संचिकांचे संकलन करवितो. त्यासाठी कोणती संचिका कशावर अवलंबून आहे हे त्याला सांगावे लागते. शीर्षसंचिकेचा उल्लेख राहून गेल्यास धोका संभवतो. पावसाच्या नोंदीच्या आरंभी केंद्राचा क्रमांक नव्याने घातला, पण ‘सरासरी.सी’ चे संकलन पुन्हा झाले नाही, तर ती जुन्या जागेवरील केंद्र क्रमांकच पाऊस म्हणून वाचील. जीसीसीसारखे संकलक ही अवलंबने स्वतः लिहून देऊ शकतात. शंका आल्यास सर्व यंत्रसंकेत संचिका पुसून संपूर्ण संकलन पुन्हा करणे इष्ट ठरते.