चिंचोळीची नोकरी आणि घराचा पत्ता

गेल्या उन्हाळ्यात मेडिसिनच्या ओपीडीत एक चौतीस वर्षांचा तरुण आला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात ऑपरेटर. वार्षिक तपासणीत बीपी १५०/९६ निघाले म्हणून त्याला पाठवले होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. तंबाखू नाही, घरात कुणाला बीपी नाही, वजन थोडे जास्त. मग झोपेविषयी विचारले तेव्हा गाडी अडली. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक सेकंड, एक थर्ड. घर जुळे सोलापुरात. सगळे शहर ओलांडून पुणे नाका, तिथून बाळे, केगाव, कोंडी करत कारखाना. एका बाजूला वीस-बावीस किलोमीटर, तेही मोटारसायकलवर.

"थर्ड शिफ्ट सुटून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात, सर. तोवर पोरांची शाळेची गडबड. दहाला पडतो आणि दोनला उकाड्यानं जाग येते."

शेजारी बसलेली पत्नी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आम्ही घर घ्यायचं बघतोय, डॉक्टर. हे म्हणतात कोंडीला घेऊ, कारखाना जवळ पडतो. मी म्हणते, शाळा इथं, माझं माहेर इथं, दवाखाने इथं. शिवाय तिकडं वास येतो. तुम्हीच सांगा की, कुठं घ्यावं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला गोळ्या कुठल्या कंपनीच्या घ्याव्यात हे शेकडो जणांनी विचारले. घर कुठे घ्यावे, हे विचारणारी ही पहिलीच. खरे तर रुग्णाला मी जे सांगतो, पुरेशी झोप घ्या, रोज चाला, धूर टाळा, पाणी स्वच्छ प्या, त्यातले निम्मेअधिक त्याच्या घराच्या पत्त्यावरच ठरते. म्हणून त्या दिवशी बाहेरची रांग थोडी थांबवली आणि त्यांच्याशी बोलत बसलो. त्यातले बरेचसे इथे लिहितो, कारण चिंचोळीला जाणारे हजारो जण याच पेचात आहेत.

आधी अंतराचे बघू. अमेरिकेत टेक्सासमध्ये सुमारे ४,३०० नोकरदारांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका बाजूला सोळा किलोमीटरहून जास्त प्रवास करणाऱ्यांमध्ये रक्तदाब वाढलेला असण्याचे प्रमाण अधिक होते. चोवीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर व्यायाम कमी आणि लठ्ठपणा जास्त, असे दिसले. अशा अभ्यासातून प्रवासामुळेच बीपी वाढले असे सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी बरोबर आढळतात एवढेच म्हणता येते. पण ती माणसे मोटारीत बसून जाणारी होती. आपला माणूस मे महिन्यात दुपारी अडीचला, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, तोंडाला रुमाल बांधून दुचाकीवर सेकंड शिफ्टला निघतो.

सोलापूरला हा प्रश्न नवा आहे. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या, आणि कामगारांची वस्ती गिरणीच्या भोवतीच वाढली. भोंगा ऐकून निघायचे आणि चालत पोचायचे. धूर आणि कापसाची धूळ छातीत जायची, त्याची किंमत त्या पिढीने मोजली. पण रस्त्यात जीव टांगणीला लागत नव्हता. आज रसायनांचे कारखाने वस्तीपासून दूर ठेवतात आणि ते योग्यच आहे. १९८४ साली भोपाळमध्ये सर्वांत जास्त माणसे मेली ती कारखान्याला लागून असलेल्या वस्त्यांमधली. मात्र कारखाना लांब गेला की रस्ता लांबतो, आणि रस्त्याचेही स्वतःचे बळी असतात.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची. या आकड्याला मी झोपेचा हिशेब जोडतो. आदल्या दिवशी दुपारी दोनला उठलेला माणूस थर्ड शिफ्ट करून सकाळी सातला गाडीला किक मारतो, तेव्हा तो सतरा तास जागा असतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मोजून दाखवले, की सतरा तासांच्या जागरणानंतर हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतका बिघडतो. आपल्या कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे एक थेंबही न घेतलेला हा सज्जन माणूस कायद्याच्या भाषेत 'पिलेला' असावा तसाच हायवेवर असतो, आणि त्याला पकडणारे यंत्र कुठल्याच पोलिसाकडे नाही. अशा माणसाला डुलकी लागली हे त्यालाही कळत नाही. दोन-तीन सेकंद डोळा मिटतो. ताशी साठच्या वेगात तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर पुढे गेलेली असते, आणि पुढे उभा असतो मागचा दिवा बंद असलेला उसाचा ट्रॅक्टर.

म्हणून त्या तरुणाला मी पहिला प्रश्न घराचा विचारलाच नाही; कंपनीची बस कुठून कुठे जाते, ते विचारले. त्याची बस पुणे नाक्यापर्यंत येत होती, पुढे जुळे सोलापूरला जात नव्हती, म्हणून तो गाडीच वापरत होता. बस जिथे थांबते तिथून दहा मिनिटे चालत जाता येईल असे घर, ही माझ्या मते चौरस फुटांच्या आधी बघायची गोष्ट. बसमध्ये डुलकी लागली तर लागू दे. वर रोजचे वीस मिनिटे चालणेही आपोआप होते. गाडीच वापरायची असेल तर हेल्मेट हनुवटीखालचा पट्टा लावून घालायचे: डोक्याच्या दुखापतीचा धोका त्याने सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटने काही होत नाही.

जाता जाता एक गंमत. काही जण मोहोळला राहून चिंचोळीला येतात. अंतर फारसे वेगळे नाही, भाडे कमी. पण सोलापुरातून जाणाऱ्याचा सकाळचा सूर्य पाठीशी असतो आणि परतताना संध्याकाळचाही पाठीशी. मोहोळकराच्या डोळ्यांवर मात्र दोन्ही वेळा समोरून ऊन. नेहमीच्या रस्त्यावर हा फरक लहान वाटतो, पण धुळीने भरलेल्या काचेतून समोर बघताना तो लहान राहत नाही.

आता पत्नीचा मुद्दा, वासाचा. वास आला म्हणजे विष आले असे नाही, आणि वास नाही म्हणजे सगळे ठीक असेही नाही. काही द्रावकांचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, तर कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. तरीही ज्या घरात आठवड्यातून तीन-चारदा डोळे चुरचुरतात, तिथे दमेकरी मूल किंवा म्हातारे माणूस ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो आणि हिवाळ्यात पूर्वेकडून. म्हणजे कारखान्यांच्या पूर्वेला असलेली वस्ती वर्षातले चार-पाच महिने वाऱ्याच्या वाटेत येते. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत दाबून बसते, धूर वर जात नाही. म्हणून प्लॉट बघायला रविवारी सकाळी अकराला जाऊ नये. एकदा जूनमध्ये, एकदा डिसेंबरच्या पहाटे आणि एकदा रात्री दहानंतर जावे, आणि एजंटला न विचारता शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे.

हायवेचे मात्र मी ठामपणे सांगतो. आपल्याकडे 'रोड टच' हा प्लॉटचा गुण समजला जातो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. दुकानासाठी तो गुणच, राहण्यासाठी नाही. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये सर्वांत दाट असतात आणि त्यांचा प्रभाव तीनशे ते पाचशे मीटरपर्यंत जाणवतो. सोलापूर आधीच राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवेची ठरलेली पातळी न गाठणाऱ्या शहरांत. त्यात घर पुणे हायवेला चिकटलेले असले तर भर पडते. आवाजाचेही तसेच. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा नियमाने घातली आहे. पाकणीच्या तेल डेपोकडे जाणारे टँकर आणि रात्रभर धावणारे ट्रक ती पाळणार नाहीत. दिवसा झोपावे लागणाऱ्या माणसासाठी तर हा आवाज म्हणजे झोपेचा शत्रूच. आणि शाळा बघताना ती हायवेच्या कुठल्या बाजूला आहे हे आधी बघावे. सात वर्षांच्या मुलाला समोरून येणाऱ्या ट्रकचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. त्याला रोज चौपदरी रस्ता ओलांडायला लावणे हा जुगार आहे.

मग पाणी. ज्याने सोलापुरात संसार केला त्याला हे सांगायला नको. उजनीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून येते आणि वर्षानुवर्षे आपण ते चार-पाच दिवसांआड भरत आलो. त्यामुळे घरोघरी बॅरल, टाक्या, हौद. डेंग्यूचा डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून घासून कोरडे केले की ही साखळी तुटते. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन् महिने जिवंत राहतात. शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत प्रश्न वेगळा: तिथे बहुतेक भिस्त बोअरवर आणि टँकरवर. ड्रेनेज नसेल तर प्रत्येक घराचा शोषखड्डा, आणि त्याच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर बोअर. अशा पाण्यात नायट्रेट वाढू शकते. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध असे पाणी घालून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते थोडे दाटच होते. विहीर किंवा बोअरचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला घराच्या रजिस्ट्रेशनच्या खर्चापुढे काहीच लागत नाही, तरी ते कुणी करत नाही.

दवाखान्याचाही विचार करावा. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना कामगार विम्याचा लाभ मिळतो, पण त्याचे रुग्णालय होटगी रस्त्याला, चिंचोळीच्या नेमके उलट्या टोकाला. तातडीच्या वेळी १०८ आहे. घरात बाळंतीण, डायलिसिसचा रुग्ण किंवा वारंवार दम लागणारे वडील असतील तर शहराजवळ राहण्याला जास्त वजन द्यावे, नसतील तर कमी.

घर कुठेही असो, एक गोष्ट मी त्या तरुणाला बजावली. कारखान्यातले कपडे आणि बूट घरी आणायचे नाहीत. कपड्यांवर बसलेली पूड घरातल्या गादीवर, मुलांच्या अंगावर आणि धुणाऱ्या बाईच्या हातावर जाते. शिशाच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या घरी बायकामुले अशीच आजारी पडल्याची नोंद वैद्यकशास्त्रात जुनी आहे. कारखान्यात अंघोळ करून, कपडे बदलून निघायचे. आणायचेच झाले तर वेगळ्या पिशवीत, वेगळी धुलाई. "आमच्यात साबण मिळतो, टॉवेल नाही," तो म्हणाला. मी म्हटले, टॉवेल घरून न्या.

शेवटी दोघांनाही पटले ते एवढेच, की घाईने विकत घ्यायचे नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार करायचा. अकरा महिन्यांत तिन्ही ऋतू कळतात: वारा, पाणी, वास, रस्ता, शेजार. माझा कल बाळे ते केगाव या पट्ट्याकडे होता, हायवेपासून निदान चार-पाचशे मीटर आत. कारखाना जवळ येतो, विद्यापीठ परिसरामुळे वर्दळ आणि दिवे आहेत, आणि शहरही हाताशी राहते. कोंडीला माझा विरोध नव्हता, पण तिथे मुलांचे काय हा पत्नीचा प्रश्न खरा होता, आणि घर चालवणाऱ्या माणसाचा प्रश्न मी बीपीपेक्षा हलका मानत नाही.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला. बाळ्याच्या आतल्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत, बसने जातो. बीपी १३४/८६, अर्थात एक गोळी चालू आहे, तेव्हा सगळे श्रेय पत्त्याला देता येणार नाही. खिडकीला जाड काळा पडदा लावून साडेसातला झोपतो आणि दुपारी दीडपर्यंत उठत नाही. मुले अजून जुन्याच शाळेत व्हॅनने जातात. त्यांचा दिवस चाळीस मिनिटांनी लांबला, तेव्हा त्या घरातला प्रवास संपला नाही, बापाकडून पोरांकडे सरकला. जूनमध्ये शाळा बदलायची की नाही यावर दोघांचे अजून एकमत नाही.

पत्नीने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढून टेबलावर ठेवली. बोअरचे पाणी होते. "हे तपासायला कुठं द्यायचं, तेवढं लिहून द्या," ती म्हणाली. मी केसपेपरच्या मागे पत्ता लिहिला, आणि बाटली आधीच्या सरबताची नको, प्रयोगशाळेतून स्वच्छ बाटली घेऊन त्यात भरून द्या, एवढे सांगितले.