अँटिव्हायरस निवडताना...

नवा संगणक घेतला की दुकानदार हमखास विचारतो, 'अँटिव्हायरस कोणता टाकू?' बहुतेक ग्राहक तो सुचवेल त्याला होकार देतात. वास्तविक संगणक कोण, कशासाठी वापरणार आणि त्यावर कोणती प्रणाली आहे, हे पाहून हा निर्णय घ्यायला हवा.

घरी ई-मेल, बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास एवढाच वापर असेल, तर विंडोज ११मध्ये अंगभूत असलेला 'डिफेंडर' सहसा पुरेसा ठरतो. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस मात्र चालवू नयेत. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

डॉक्टर, वकील, करसल्लागार यांच्या संगणकांवर इतरांची खासगी माहिती असते. तेथे सर्व संगणकांवर एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवता येईल, अशी सशुल्क व्यावसायिक आवृत्ती घेणे श्रेयस्कर. पेन ड्राइव्हची ये-जा असल्यास तो आपोआप तपासण्याची सोय आहे ना, हेही पाहावे.

मॅकमध्ये 'एक्सप्रोटेक्ट' ही संरक्षक यंत्रणा मुळातच असते. घरगुती लिनक्सला स्वतंत्र अँटिव्हायरसची सहसा गरज भासत नाही.

'मोफत'ची खरी किंमतही तपासावी. ग्राहकांच्या इंटरनेट वापराची माहिती विकल्याच्या आरोपावरून 'अवास्ट' कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागतील, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४मध्ये जाहीर केले. म्हणून गोपनीयतेच्या अटी वाचूनच 'मान्य'वर क्लिक करावे.

सर्वांत मोठा धोका जुन्या प्रणालींना असतो. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील संगणकांमधील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो पसरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती! विंडोज ७चा आधार जानेवारी २०२०मध्ये, तर विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकांवर महागडा अँटिव्हायरस टाकूनही प्रणालीतील त्रुटी तशाच राहतात.

तेव्हा आधी प्रणाली अद्ययावत करावी आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. ती हार्ड डिस्क एरवी संगणकाला जोडून ठेवू नये. अँटिव्हायरसची निवड त्यानंतर.