पांढऱ्या रंगाची पोच

रेवदंड्याच्या कोटातल्या पोर्तुगीज चर्चना आज छप्पर नाही. 1740 साली हे ठाणं मराठ्यांकडे आलं. आता त्या पडक्या भिंतींत ना क्रूस, ना वेदी. नारळींतून उतरणारा उजेड तेवढा आहे. पण तो मोजायला बसलं की डोकं गरगरतं. भर दुपारी उघड्या भिंतीवर सुमारे 1,00,000 लक्स उजेड पडतो, पौर्णिमेच्या मध्यरात्री जेमतेम पाव लक्स. एकच भिंत, बारा तासांत 4,00,000 पटींचा फरक! आणि आपले डोळे तिला दोन्ही वेळा पाहतात.

चित्रकाराची पुंजी मात्र बघा. त्याचा सर्वांत पांढरा रंग पडलेल्या उजेडातला 90 टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. काळाकुट्टही 3 टक्के फेकतोच. म्हणजे सगळा खेळ 30 पटींत.

खाडीपलीकडे कोर्लईत माउंट कार्मेलचं चर्च आजही नांदतं आहे. अशा चर्चमध्ये कुणी वेदीवरची जळती मेणबत्ती रंगवायला घेतली, तर? ज्योतीची झळाळी दर चौरस मीटरला 10,000 कँडेलाच्या घरात. 50 लक्सच्या सावलीतली चुन्याची भिंत जेमतेम 14. ज्योत भिंतीच्या 700 पट तेजस्वी, आणि दोघींना मिळणार पांढरा एकाच डबीतला! मग भिंतीला तपकिरी करून खाली ढकलायचं, म्हणजे ज्योत पेटल्यासारखी वाटते. लबाडीच ही, पण दुसरा इलाज नाही.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार सानरेदामचं काम त्या मानाने सोपं होतं, असं मला वाटतं. त्याच्या प्रोटेस्टंट चर्चमधून मूर्ती आधीच हटल्या होत्या. उरल्या चुन्याच्या भिंती आणि मंद उजेड. ते 30 पटींत बरंचसं मावतं. एमानुएल दे विट्टे या दुसऱ्या डच चित्रकाराला ऊन हवं होतं, म्हणून त्याने खांब काळवंडवले आणि फरशीवर उन्हाचे तुकडे टाकले.

रंगाला जे जमत नाही ते सोनं करतं. गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चची सोनेरी वेदी आठवा. वर्ख आरशासारखा ज्योतीचाच उजेड थेट डोळ्यांत टाकतो. त्या कोनातून पांढरा रंग त्याच्यापुढे फिका. आणि खर्च? वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. एका तोळ्यात 6 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 65 चौरस फूट वेदी मढते.