घरातला वैरी आणि वेगळी चूल



वैऱ्यावर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा आपण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अनेकदा वाचली आहे. ती ऐकताना डोळ्यांपुढे बहुधा कोणी लांबचा माणूस येतो. पण त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की माणसाचे वैरी त्याच्या घरचेच होतील. आमगाव-सालेकसा भागातल्या टोल्यांवर काम करताना मला हा दहावा अध्यायच जास्त भेटतो. एक जण उपासनेला येऊ लागतो आणि भाऊ बोलणे टाकतो, सासरा दार लावून घेतो. अशा घरच्यांवर प्रीती करायची म्हणजे नेमके काय करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावरून गेले आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला चालले होते. गाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्याच प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट आपण व्यासपीठावरून आनंदाने सांगतो. पुढची सांगताना आवाज जरा खाली येतो. लक्ष्मीबाई तेव्हा टिळकांजवळ नव्हत्या. पत्नीला बरोबर घेऊन, तिची समजूत घालून टाकलेले हे पाऊल नव्हते. सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेली ती बाई लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिली. जवळजवळ पाच वर्षे! टिळकांबद्दल मला फार आदर आहे, तरीही मला वाटते की या घरात दुखावलेली बाजू लक्ष्मीबाईंची होती. आपल्यावर रागावलेला माणूस प्रत्येक वेळी सुवार्तेचा विरोधकच असतो असे नाही. कधी कधी आपणच त्याला दुखावलेले असते.

टिळकांना सुटकेची वाट होती. धर्मांतरामुळे पती किंवा पत्नी सोडून गेल्यास ख्रिस्ती झालेल्या माणसाला न्यायालयातून विवाह मोडून घेता येईल, असा कायदा १८६६ सालीच झाला होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचे सोवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल, सगळे बरोबर आले, आणि टिळकांनी ते आपल्या घरात चालू दिले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी नवऱ्याचा तापट स्वभाव, हातातला पैसा देऊन टाकण्याची सवय, सगळे लिहिले, पण हसत लिहिले. त्यांनी सोसलेले पाहता ते हसू स्वस्त नव्हते.

मला त्या वेगळ्या चुलीत त्यागमय प्रीतीचा अर्थ सापडतो. समोरच्याने बदलावे ही इच्छा असतेच. पण तो बदलला नाही तरी त्याची जागा आपल्या घरात राहते. आपल्या सेवाकार्यालाही हेच माप लावले पाहिजे. औषध, वह्या, बियाणे देताना पलीकडून काही मिळावे असा हिशेब मनात असेल, तर तो व्यवहार झाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मारहाण सोसत राहणे म्हणजे प्रीती नव्हे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे ‘क्षमा कर’ म्हणून बाईला परत पाठवू नये. तिला आधी सुरक्षित जागा हवी, गरज पडली तर पोलिसांची मदत हवी. क्षमेचे नंतर पाहता येईल, आणि ते तिने ठरवायचे.

हे सगळे मी शहाणपणाने लिहितो आहे, पण माझ्या हातून उलटे घडले आहे. काही वर्षांपूर्वी एका टोल्यावरचा तरुण विश्वासात आला. त्याच्या थोरल्या भावाने पूजेच्या वर्गणीवरून त्याला घराबाहेर काढले. पुढे वडील वारले तेव्हा त्याने मला विचारले, “दादा, जाऊ का?” तिथे विधी होतील, वाद होईल, म्हणून मी ‘नको’ म्हणालो. तो गेला नाही. वडिलांच्या मातीला धाकटा आला नाही, हे भाऊ आजही बोलतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. मी त्या तरुणाची माफी मागितली. भावाकडेही गेलो, त्याने बसायला सांगितले नाही.

गेल्या पावसाळ्यात रोवणीला मजूर मिळेनात. तो तरुण न बोलावता भावाच्या बांधीत उतरला. तीन दिवस चिखलात वाकून धान लावले, मजुरी मागितली नाही. भाऊ एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने पाण्याचा तांब्या धुऱ्यावर ठेवला आणि काही न बोलता मागे फिरली. तांब्या घरातलाच होता.

यंदाही तो जाणार आहे. भाऊ अजून बोलत नाही.